गंधरस कोणाच्या हातून

धानोरा, ११ डिसेंबर

शांतू,

सलाम लिहीत नाई. सलाम लिहावा असं तू काही केलं नाई.

फोन तू उचलत नाई. मोबाईलवर लिहलेलं वाचतो अन् उत्तर देत नाई. त्या दोन निळ्या खुणा मले दिसतात, मी काही आंधळी नाई, अजून ब्लाउजचे काजे चष्म्याशिवाय करते. म्हणून हे स्पीड पोस्ट. सही करून घ्यावं लागते, म्हणजे उद्या मिळालं नाई म्हणाची सोय नाई.

रविवारी उपासना संपल्यावर पाळक इसरूनं तुह्यं फर्मान वाचून दाखवलं. बिचाऱ्याची मान वर होत नव्हती. त्याले तूच शिकवलं, तूच इथी नेमलं, तो काय बोलन! यापुढे प्रकटीकरणाच्या सणाला सोनं, ऊद आणि गंधरस आणणारे तिघेही मंडळीचे बाप्तिस्मा झालेले सभासद असावेत. ज्या बालकाच्या आईवडिलांपैकी एक जरी मंडळीबाहेरचा असेल, त्याला वेदीपुढे बसवू नये. आजवरची रीत ही अज्ञानातून झालेली चूक होती. खाली सही, रेव्हरंड शांतवन, अध्यक्ष. अन् त्याच्याखाली शिक्का. बाप्पा, शिक्का!

चूक म्हणते! कोणाची चूक, हे लिहाले हात धजला नाई का रे? ही रीत आपल्या बाबानं पाडली. मंडळी नवीन होती, देवळावर कवेलू चढले नव्हते, अन् विश्वासणाऱ्यांची घरं इनमीन तीन. नाताळानंतर मागी लोकांचा, येशूबाळाले सोनं, ऊद, गंधरस घेऊन आलेल्या तीन राजांचा, देखावा कराचा होता तर मरिया अन् योसेफ होता होताच माणसं सरली. राजे कुठून आणाचे? बाबा आठवडी बाजारात गेले अन् ओळखीचे तिघं हाताले धरून घेऊन आले. एक गोंड, एक बौद्ध, एक मुसलमान. पुढं घरं वाढली, पोट्टे वाढले, तवा लोक म्हणाले की आता आपलेच राजे उभे करू. बाबा म्हणाले, नाई. मागी लोक होते कोण? ना आपल्या धर्माचे, ना आपल्या देशाचे. तारे पाहून पोट भरणारे माणसं. देवाचं लेकरू जन्माले आलं तर घरचे घरातच बसले अन् ते एवढ्या दुरून आले. मंग घरच्याच पोट्ट्यायले कागदाचे मुकुट घालून काऊन उभं कराचं?

तवापासून मंडळीत जे लेकरू सगळ्यात नवीन जन्मलं असन, त्याच्यापुढं बाहेरचे तिघं येतात. कोणाले बोलवाचं ते लेकराची माय ठरवते. एवढी साधी गोष्ट आहे. तिच्यात तुले आत्ताच अज्ञान दिसलं.

आत्ताच काऊन दिसलं, तेही मंडळीले समजते. यंदा मंडळीत एकच लेकरू जन्मलं. नूतनचं. तुह्या पोरीचं. तिनं प्रफुलशी लग्न केलं, तो बौद्धाचा पोरगा, म्हणून तू नागपूरच्या घराचं दार लावलं. बाळंतपणाले माहेर लागते म्हणून ती आत्याच्या घरी आली. पोरगी आहे. चांगली ठणठणीत आहे, अन् नाक सरळ तुह्यावर गेलं, त्याले आता कोणाचा इलाज नाई.

नूतन तुह्यं नावही काढत नाई. मी आपल्या मनानं लिहून राह्यली. फर्मान परत घे.

सलोमीबाई


धानोरा, १९ डिसेंबर

शांतू,

"प्रिय भगिनी" मिळालं.

मी तुह्यी भगिनी कवापासून झाली? पन्नास वर्षं मी बाई होती. मांडीवर घेऊन शेंबूड पुसला तवा बाई होती. सेमिनरीत जाताना कोट शिवून दिला तवाही बाईच होती. आता टाइप करून भगिनी! ते पत्र मी शिलाई मशीनवर ठेवलं अन् दोन गिऱ्हाईक जाईपर्यंत हात लावला नाई. नाई तर भलत्याच जागी कैची चालली असती.

तू तीन कारणं देल्ली. तिन्हीचं उत्तर घे.

पहिलं म्हणते, दिवस बरे नाहीत, बाहेरच्या लोकांना देवळात आणलं तर धर्मांतराची तक्रार होईल. खरं आहे, दिवस बरे नाईत. मी इथी राह्यते, मले जास्त ठाऊक आहे. पण कोणाची तक्रार, कायची तक्रार? देवाजीभाऊ, लालसू, हाफिजभाई, ज्यायले नूतन बोलवाचं म्हणते, ते आपल्या पायानं येतीन अन् आपल्या पायानं आपापल्या धर्मात परत जातीन. आजपर्यंत एकाचाही धर्म आपल्या उंबरठ्यावर गळून पडला नाई. शांतू, भ्यालेला माणूस त्या गोष्टीत एकच आहे, तो हेरोद राजा. लेकरू जन्मलं म्हणून ज्याच्या पोटात गोळा आला तो. बाकी सगळ्यायले आनंद झाला होता. तू कोणाच्या ओळीत जाऊन उभा राह्यला ते पाह्य.

दुसरं म्हणते, वेदी पवित्र आहे. बरं. मंग हे सांग. मागी लोक पहिले कुठी गेले? यरुशलेमले गेले, राजवाड्यात गेले. तिथी शास्त्री होते, याजक होते, तुह्यासारखे शिकलेले. त्यायले विचारलं, लेकरू कुठी जन्मणार? त्यायनं खटकन सांगतलं, बेथलेहेमात. वचन तोंडपाठ. गावाचं नाव बरोबर. अन् मंग काय केलं? काहीच नाई! चार कोसावर गाव होतं रे, आपल्याकडं लोक इतकं तर मोहफुलं येचाले जातात. एक शास्त्री उठला नाई. एकानं वहाणा घातल्या नाई. पत्ता सांगून आपल्या गादीवर बसून राह्यले. अन् ज्यायले वचनातलं अक्षर ठाऊक नव्हतं, ते निघून गेले. तुले प्रकटीकरणाच्या रविवारी हा उपदेश करताना मी सोता ऐकलं आहे, आवाज किती चढवला होता तू! त्या दिवशी तू सोताबद्दलच बोलून राह्यला होता, हे तुलेच माहीत नव्हतं.

तिसरं तर वाचून माह्यं डोस्कंच फिरलं. म्हणते, गंधरस हे मृतांचे द्रव्य, नवजात बालकाला देणे अनुचित. अरे, गंधरस म्हणजे आपला हिराबोळ. तुह्या बाळंतपणात मायनं घेतला, तुह्या घुटीत उगाळला, आज नूतनच्या काढ्यात आहे. मेल्यावर लावत होते हे खरं. बाबा तेच तर सांगत. सोनं राजाले, ऊद देवाले, अन् गंधरस मरणाऱ्याले. राजा म्हटला की तो राजवाड्यातला, आपल्याले भेटत नाई. देव म्हटला की तो आभाळातला. पण ज्याले मरण आहे, तो आपला. तो मराले आला म्हणून आपल्याले तारू शकला. त्या एका भेटीनं तो आपल्या घरातला झाला, अन् तू नेमकी तीच भेट काढाले निघाला.

चौथं कारण तू लिहलं नाई, पण मी वाचलं. प्रफुल.

प्रफुल दर शनिवारी येते. आश्रमशाळेत मास्तर आहे, शाळा सुटली की गाडीवर निघते अन् थंडीत काकडत पोचते. आला की पहिले हात धुते, शेगडीवर हात गरम करते, मंगच लेकराले घेते. थंड हात लेकराले लागू नये म्हणून. हे त्याले कोणी शिकवलं नाई.

इसरू पाळक मले म्हणाला, बाई, अध्यक्षांचा आदेश आहे, देऊळ मी देऊ शकत नाही. त्याले मी फार बोलली. त्यानं ऐकून घेतलं. मंग घरी येऊन मलेच वाईट वाटलं, पण ते तुह्यामुळं, म्हणून तेही तुह्याच नावावर लावून ठेवते.

बाई


धानोरा, २७ डिसेंबर

शांतू,

नाताळ झाला. तुह्यं छापील कार्ड मिळालं. शांती, आनंद, अन् सोनेरी रेघा. ते मी लेकराच्या हातात देल्लं, तिनं तोंडात घातलं.

देऊळ नाई तर नाई. पाच जानेवारीले रविवार आहे, दुपारी माह्या घरी सण होईन. शास्त्रात मागी लोक लेकराले भेटले ते घरातच भेटले. गोठ्यातही नाई अन् मंदिरातही नाई. हे तुले सांगाले नको, तुह्यी परीक्षाच त्यावर झाली असन. म्हणजे देवळाचं दार लावून तू आमाले उलट वचनाच्या जवळच आणलं. त्यापुरते आभार.

नूतननं तिघं ठरवले. सोनं देवाजीभाऊ आणतीन, प्रफुलचे वडील. ऊद आपला शेजारचा लालसू गोंड, सालईचा डिंक तोच दरवर्षी जंगलातून आणते. अन् गंधरस हाफिजभाई. बाजारातलं त्याचं जडीबुटीचं दुकान तुले ठाऊक आहे, आपल्या तालुक्यात हिराबोळ मागाचा तर त्याच्याच दारी.

देवाजीभाऊले आवतन द्याले मी सोता चामोर्शीकडं गेली. धानाचं चुरणं चालू होतं, मळणीचे दिवस, त्याच्या अंगभर तूस. खाट टाकली, त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, चहा केला. मी सांगतलं. त्यानं अंगावरचं तूस झाडलं. मंग म्हणाला, "बाई, माह्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली. आमी कोनत्या देवापुढं वाकत नाई. तुमच्या त्या सनात वाकाव लागते का?"

मी म्हटलं, "देवापुढं नाई भाऊ. लेकरापुढं बसावं लागते. सोनं तिच्या कपाळाले टेकवाचं अन् परत घेऊन जाचं. ठेवाचं नाई."

"परत घेऊन जाचं?"

"हो. बाबानं तसंच लावून देल्लं. नाई तर ज्याच्याजवळ सोनं नाई त्यानं काय करावं? उसनं आणलं तरी चालते."

तवा तो हसला. "मंग बसतो. नातीपुढं वाकाले कोनाची मनाई हाय?" अन् बायनाबाई आतून म्हणाली, "माह्यी अंगठी न्या. मीबी येतो."

हे वाचताना तुले लाज वाटली का शांतू? तो माणूस आपल्या बापाचं वचन सांभाळून, माह्याही बापाचं वचन सांभाळून, सरळ वाट काढते. अन् तू आपल्या बापाचं वचन शिक्का मारून रद्द करते.

आता पुढचं ऐक, त्याच्यासाठीच हे पत्र आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हाफिजभाई घरी आला. आत आला नाई, आंगणात उभा राह्यला. मी म्हटलं, या ना, बसा. म्हणाला, "नाई बाई. बुरा मत मानना. मी नाई येऊ शकत त्या दिवशी." मी विचारलं, काऊन? तो खाली पाहून बोलून राह्यला होता. आपल्या मंडळीच्या पंचकमिटीचा कोणी माणूस त्याच्या दुकानात जाऊन आला. म्हणाला, वरून आदेश आहे, तुम्ही आले तर मंडळीवर बालंट येईल, तुमच्यावरही येईल, तुम्ही धंदेवाले माणूस. हाफिजभाई म्हणाला, "मले माह्यं काही नाई बाई. पण माह्यामुळं तुमच्यावर केस-वेस झाली तर? माह्या अब्बांनी शांतू भाऊच्या वेळी आणला होता. मलेही आणाचा होता. अब जाने दो."

पासष्ट वर्षांचा माणूस, आंगणात उभा राहून मले माफी मागते! कायची माफी? कोणाच्या पापाची?

तो गेल्यावर मी घरात येऊन भांडे आपटले. नूतन म्हणाली, आत्या, लेकरू उठन. उठू दे म्हटलं, तिलेही समजू दे तिचा आजा कोण आहे.

शांतू, तू जन्मला तवा मायले ताप होता. ती उठत नव्हती. हाफिजभाईचे अब्बा अन् त्याची माय मलिकाचाची, दोघंही आले होते. चाचीनं तुले आपल्या अंगावरचं दूध पाजलं आहे. हे तुले ठाऊक आहे. तू कधी उपदेशात सांगतलं नाई, पण ठाऊक आहे. त्या घरच्या माणसाले तुह्या आदेशाच्या नावानं आंगणातून परत जावं लागलं.

मी आणखी लिहू शकत नाई. लिहलं तर टपालवाला पत्र घेणार नाई.

बाई


धानोरा, ३० डिसेंबर

शांतू,

हे पत्र लिहाची माह्यी इच्छा नाई. नूतन समोर बसली आहे म्हणून लिहून राह्यली.

काल रात्री जेवताना मी म्हटलं, तिसरा कोण पाह्याचा? बाजारातल्या कोणाले सांगू, की शाळेतल्या हेडमास्तरले? तिनं घास खाली ठेवला. म्हणाली, "बाबाले सांगा."

मी म्हटलं, "तुह्या बाबाले? तो अध्यक्ष आहे. बाहेरचा माणूस पाहिजे."

"मंग बाबाच बाहेरचे आहेत," ती म्हणाली. "लग्नाले नाई आले. बाळंतपणाले नाई आले. देवाजी मामंजी घरचे झाले, लालसू काका घरचेच आहेत. या घरात आता बाबाइतका परका दुसरा कोण आहे?"

मी भांडली. खरंच भांडली. म्हटलं, त्यानं हाफिजभाईले हाकलून देल्लं अन् त्याच जागेवर त्याले बसवू? हा न्याय आहे का? नूतन उठली. लेकराले खांद्यावर घेऊन थोपटत राह्यली. तिच्या डोळ्यात पाणी होतं, अन् तवा मले समजलं. पहिल्या पत्रात मी लिहलं की ती तुह्यं नाव काढत नाई. खोटं लिहलं. ती रोज काढते. फोन वाजला की आधी तीच पाह्यते. तुले हे कळू देणार नव्हती, कारण कळलं की तू आणखी ताठशीन. पण आता लिहलं.

तर तिचं आवतन मी पोचवते. माह्या अटीवर.

अध्यक्ष म्हणून याचं नाई. गळ्यातली पांढरी पट्टी नागपूरले ठेवून याची. शिकवाचं नाई, प्रार्थना चालवाची नाई, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्याचा नाई. मागी लोकायनं आशीर्वाद देल्ला नव्हता, ते टेकले होते. तूही जमिनीवर टेकशीन. गुडघे दुखतात हे मले माहीत आहे. दुखू दे.

गंधरस नागपूरहून आणाचा नाई. हाफिजभाईच्या दुकानातून घ्याचा, त्याच्या हातून. त्याच्यापुढं उभं राहून मागाचा. तो देईन की नाई ते त्याचं तो ठरवन, मी त्याले काही सांगणार नाई.

अन् गंधरस देताना जे बोलाचं असते ते बोलावं लागन. सोनं अन् ऊद देणाऱ्याले काही बोलाचं नसते. तिसऱ्यालेच बोलाचं असते. विसरला असशीन म्हणून लिहते, बाबानं लावून देल्लेले शब्द, जसेच्या तसे. "तू मरणारी, मी मरणारा. तोवर माह्या घरी येत जा."

हाफिजभाईच्या अब्बांनी हे तुह्यापुढं म्हटलं होतं. म्हटलं, अन् पाळलं. ईदच्या शेवया तू त्यांच्या घरी खाल्ल्या, तुह्यी पहिली सायकल त्यांच्या आंगणात शिकला. ज्यानं हे शब्द म्हटले, त्याच्या घराचं दार त्या लेकराले उघडं राह्यते. ज्याले ते जमत नाई त्यानं गंधरसाले हात लावू नये. विचार करून ये. नाई तर येऊ नको, आम्ही लेकराले दोनच भेटी देऊ अन् तिसऱ्या जागी पाट रिकामा ठेवू. तुह्या नावानं.

बाई

ता. क. नूतन म्हणते, तिच्या मायलेही, वयनीलेही आणा. मी म्हणते, हिंमत असन तर.


धानोरा, ६ जानेवारी

शांतू,

तू चहा न पिता गेला. म्हणून जे तोंडावर बोलाचं होतं ते लिहावं लागते.

तू येशीन असं मले वाटलं नव्हतं. कबूल करते. पाट मी मांडला होता, पण तो तुह्यी फजिती कराले मांडला होता. माणसं जमले. देवाजीभाऊ पांढरा सदरा घालून, बायनाबाई निळ्या लुगड्यात. लालसू डिंकाची पुडी खिशात घेऊन कोपऱ्यात. इसरू पाळक मांगे येऊन बसला, म्हणाला, मी पाळक म्हणून नाही, शेजारी म्हणून आलो. अन् तू दारात उभा. गळ्यात पट्टी नाई. हातात वर्तमानपत्राची पुडी. मले उठून बस म्हणाचंही सुचलं नाई, अन् सुचलं असतं तरी म्हटलं नसतं.

तू ओळीत बसला, लालसूच्या मांगे. चांगलं केलं.

देवाजीभाऊनं अंगठी लेकराच्या कपाळाले टेकवली अन् बायनाबाईच्या बोटात परत घातली. लालसूनं निखाऱ्यावर डिंक टाकला, घरभर धूर झाला, लेकरू शिंकलं, सगळे हसले. तू हसला नाई. मंग तू सरकत पुढं आला. गुडघे टेकताना भिंतीले हात लावला. पुडी उघडून नूतनच्या मांडीपाशी ठेवली. अन् बोलला, "तू मरणारी, मी मरणारा."

अन् थांबला.

शांतू, मी तुह्यं तोंड पाह्यलं. आयुष्यभर हजार उपदेश केलेला माणूस, त्याले चार शब्द सापडून नाई राह्यले. मले काय वाटलं सांगू? मले राग आला. मनात म्हटलं, बस, इथीच अडकणार तू. मरण मान्य आहे तुले, पण दार उघडणं मान्य नाई. नूतन खाली पाहून होती. प्रफुल उठून बाहेर जाऊन राह्यला होता, मी त्याचा हात धरून बसवला. एक क्षण असं वाटलं की तू उठून जाशीन, अन् हे घर पुन्हा कधी सुधरणार नाई.

तवा देवाजीभाऊ हळूच बोलला, "बोला ना भाऊ. पुढचं बोला."

अन् तू बोलला. हळू बोलला, पण पूर्ण बोलला. "तोवर माह्या घरी येत जा." नागपूरची शुद्ध भाषा नाई, बाबाची.

नूतननं लेकराले तुह्या हातात देल्लं. तू तिले किती वेळ धरून होता ते तुले माहीत आहे, मी लिहीत नाई.

पण मंग? मंग तू काय केलं? चहा ठेवला होता, पोहे केले होते, अन् तू मांगच्या दारानं निघाला. लालसूच्या कुंपणातून, नाल्याकडून, कारण पुढच्या रस्त्यावर पंचकमिटीचे दोघं उभे होते. मी खिडकीतून पाह्यलं. मागी लोकही दुसऱ्या वाटेनं गेले म्हणशीन. हो, गेले. पण ते लेकराले वाचवाले गेले, हेरोदाले चुकवाले. तू कोणाले वाचवाले गेला? आपल्या खुर्चीले. माह्या अंगाची आग झाली.

संध्याकाळी मी हाफिजभाईच्या दुकानात गेली. विचारलं, शांतूनं काय म्हटलं? तो काही सांगत नाई. एवढंच म्हणाला, "बहुत देर बैठा था. चाय भी पी." म्हणजे त्याच्याकडं पिला अन् बहिणीकडं नाई. असू दे. ते तरी बरोबर केलं.

आता माह्यं ऐक. फर्मान अजून देवळाच्या दारावर लटकून आहे. ते तू काढ, तुह्या सहीनं, अन् बाबाच्या रीतीले चूक म्हटलं ते परत घे. ते कधी कराचं ते तू ठरव, पण आमचं आम्ही ठरवलं. तू जे बोलला ते सगळ्या घरानं ऐकलं, तुह्या पाळकानंही ऐकलं. म्हणून येत्या शनिवारी आम्ही नागपूरले येऊन राह्यलो. नूतन, प्रफुल, लेकरू, देवाजीभाऊ, बायनाबाई अन् मी. सकाळच्या बसनं. वयनीले सांग, लेकराले गरम पाण्याची आंघोळ लागते अन् देवाजीभाऊ तिखट खाते. आम्ही पुढच्या दारानं येऊ, तुह्या शेजारी कोणीही राह्यत असन तरी.

दार लावलेलं दिसलं तर आम्ही भांडणार नाई. पायरीवर बसू, लेकराले पाजू, डबे उघडून जेवू. अन् येणारा-जाणारा जो कोणी विचारन, तुम्ही इथी कायले बसले, त्याले सांगू की अध्यक्षसाहेबानं सोता बोलावलं, गुडघे टेकून.

बाई